उजव्या खांद्याचे बारा आठवडे

११ ऑगस्ट २०२४, श्रावणातला पहिला रविवार. सासवडला चहा पिऊन आम्ही चौघं सायकलींवर बोपदेव घाटाने पुण्याकडे परत उतरत होतो. रात्री पाऊस झाला होता आणि डोंगरावरून वाहून आलेली बारीक खडी एका उजव्या वळणावर पसरली होती. ती मला दिसली, पण वळणात शिरल्यावर. मी पुढचा ब्रेक दाबला, चाक निसटलं आणि मी उजव्या खांद्यावर पडले.

वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. तो कानांनी ऐकला की आतून जाणवला, हे आजही सांगता येणार नाही. उठून बसले तेव्हा दुखत नव्हतं. डाव्या हाताने गळ्याखाली चाचपलं आणि बोटांना एक टोक लागलं, कातडीच्या आत, जिथे टोक असायला नको तिथे. तेव्हा पोटात कालवलं.

पुण्याच्या मार्केट यार्डात माल उतरवून रिकामे क्रेट घेऊन वर चढणारा एक टेम्पो थांबला. चालवणारे दादा पन्नाशीचे असतील. त्यांनी काही विचारलं नाही. गळ्यातला टॉवेल काढला, माझा हात कोपरात दुमडून छातीशी धरला आणि टॉवेलाची झोळी करून मानेमागे गाठ मारली. "ताई, आता हात हलवू नका. माझ्या पोराचं असंच झालं होतं," एवढंच म्हणाले. मग टेम्पो वळवून आम्हाला खाली सोडलं. पुढे दोन डॉक्टरांनी मला सांगितलं की त्या घडीला करण्यासारखी सगळ्यात योग्य गोष्ट तीच होती.

हॉस्पिटलमध्ये आधी हेल्मेट बघितलं. उजव्या बाजूला कानाच्या वर बोटभर लांब तडा गेला होता. डोक्याला काही झालं नव्हतं ते त्या तड्यामुळेच. (एकदा आपटलेलं हेल्मेट परत वापरायचं नसतं, वरून कितीही धड दिसलं तरी. माझं मी कापून टाकलं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर जायला नको.) मग मनगटाची नाडी, बोटांची संवेदना, छातीचा एक्स-रे. कॉलर बोनच्या, म्हणजे गळ्यापासून खांद्यापर्यंतच्या आडव्या हाडाच्या, खालून हाताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी आणि नसांचा जुडगा जातो, त्याखाली फुप्फुसाचं टोक असतं, म्हणून हे सगळं तपासतात. ते ठीक होतं. हाड मधल्या भागात मोडलं होतं, बहुतेकांचं तिथेच मोडतं.

"आजच दाखल व्हा, उद्या सकाळी प्लेट टाकून घेऊ," असं सांगण्यात आलं. का, आणि नाही टाकली तर काय, हे मी विचारलं तेव्हा नीट उत्तर मिळालं नाही. नवरा म्हणाला, "एक दिवस थांबू." हाताची झोळी आणि दुखण्याच्या गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी जे हाडांचे डॉक्टर भेटले त्यांनी एक्स-रे खिडकीला धरला आणि खिशातून पट्टी काढली. मी गणिताची शिक्षिका, त्यामुळे त्या पट्टीनेच माझा निम्मा विश्वास बसला. त्यांनी समजावलं ते असं: हाताला धडाशी जोडणारा हाडाचा दुवा हा एकच, बाकी सगळा हात स्नायूंवर लटकलेला असतो. हा दुवा मोडला की मानेचा स्नायू आतला तुकडा वर ओढतो आणि हाताचं वजन बाहेरचा तुकडा खाली नेतं. तुकडे एकमेकांवर चढतात आणि हाड तेवढं आखूड होतं. माझं साधारण एक सेंटिमीटर आखूड झालं होतं. दोनच्या पुढे गेलं असतं तर त्यांनीही ऑपरेशनच सुचवलं असतं. हाड कातडी फाडून बाहेर आलं असतं किंवा नाडी लागली नसती, तर विचार करायला वेळच नव्हता.

प्लेट टाकली तर तुकडे सरळ बसतात, न जुळण्याची शक्यता कमी होते, पहिले काही आठवडे सुसह्य जातात. पण भूल आली, टाके आले, छेदाच्या खालची कातडी बधिर राहू शकते आणि प्लेट टोचली तर ती काढायला आणखी एक ऑपरेशन. नाही टाकली तर बहुतेकांचं हाड जुळतंच, पण वेळ घेतं, वाकडं जुळतं, गाठ राहते. एवढं सांगून ते म्हणाले, "दोन्ही रस्ते बरोबर आहेत. तुम्ही कुठल्या रस्त्याने जाल ते घरी बसून ठरवा."

मी न टाकायचं ठरवलं. यात मी काही जिंकले असं मला वाटत नाही. आमच्या ग्रुपमधल्या एकाने दोन वर्षांपूर्वी प्लेट टाकली होती, त्याचं हाड चार ठिकाणी फुटलं होतं आणि त्याचा निर्णय त्याच्यासाठी बरोबरच होता. या दुखण्यात एकाचा एक्स-रे दुसऱ्याच्या कामाचा नसतो.

पहिले दहा दिवस मी आडवी झाले नाही. आडवं झालं की तुकडे हलतात आणि आतून ‘कट्’ असं जाणवतं. दुखणं सहन होतं, ते जाणवणं होत नाही. सासूबाईंच्या आरामखुर्चीत चार उशा लावून बसल्या बसल्या झोपायचं, शिंक आली की डाव्या हाताने उजवं कोपर छातीशी आवळून धरायचं. निळेपणा चौथ्या दिवशी गळ्यापासून छातीवर आणि दंडावर उतरला, मी घाबरून फोन केला. रक्त खाली झिरपतं, ते उतरणारच, असं कळलं. झोळीतल्या काखेत घाम साचून पुरळ उठलं. त्याचा उपाय फिजिओताईंनी दाखवला: टेबलाला डावा हात टेकून पुढे वाकायचं, उजवा हात आपल्या वजनाने सुटा लोंबू द्यायचा, काखेत आपोआप जागा होते, तेवढ्यात धुऊन कोरडं करायचं. पुढे याच लोंबणाऱ्या हाताला लंबकासारखे छोटे झोके द्यायचा व्यायाम सुरू झाला. बोटं, मनगट आणि कोपर मात्र पहिल्या दिवसापासून हलवायचे होते, नाहीतर मोडलेलं जुळतं आणि न मोडलेलं आखडतं.

उजवा हात नसला की बाईचा दिवस कुठे कुठे अडतो, हे मला माहीत नव्हतं. ब्लाउजची बाही खांद्यावरून चढत नाही, म्हणून नवऱ्याचे पुढून बटणांचे शर्ट घातले. आंघोळीला आईला बोलवावं लागलं. ती ७४ वर्षांची, तिने मला पाटावर बसवून तांब्याने पाणी घातलं आणि दोघी एक शब्द बोललो नाही. वेणी माझी पंधरा वर्षांची मुलगी घालायची. तिला तिपेडी येत नव्हती, ती माझ्या डोक्यावर शिकली. "आई, मान हलवू नकोस," असं ती ज्या आवाजात म्हणायची तो माझाच आवाज होता. डाव्या हाताने जेवताना पहिल्या दिवशी घास उतरेना. लहानपणापासून त्या हातावर मारून मारून जे शिकवलं ते चाळिशी उलटल्यावर पुसायचं होतं. सासूबाईंनी वरणभात कालवून चमचा हातात दिला आणि म्हणाल्या, "दुखण्याला सोवळं नसतं गं."

घरात सल्ल्यांची गर्दी झाली. शेजारच्या काकूंनी हाडवैद्याचा पत्ता दिला, गावाहून कांडवेल आली. नाचणी, तीळ, अळिवाचे लाडू मी आनंदाने खाल्ले. लेप आणि चोळणं याला डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला, जुळू पाहणाऱ्या तुकड्यांवर बाहेरून दाब देणं म्हणजे लिंपलेली भिंत ओली असताना ढकलणं. रक्त तपासलं तेव्हा ड जीवनसत्त्व १४ निघालं, ते ३० च्या वर हवं. दर रविवारी तीन-चार तास रस्त्यावर असणाऱ्या बाईचं हे! आम्ही पहाटे निघतो, पूर्ण बाह्या घालतो, ऊन चढायच्या आत घरी येतो, मग ते मिळणार कुठून? सायकल चालवणाऱ्यांनी ही तपासणी हाड मोडायच्या आधी करून घ्यावी.

तिसऱ्या रविवारी सकाळी ग्रुपवर घाटातले फोटो आले. ढग, हिरवा डोंगर, कानिफनाथाच्या बाजूला उतरलेलं ऊन. पाठोपाठ एकाने मला धीर द्यायला म्हणून एक जुना फोटो पाठवला. इटलीचा सायकलपटू फिओरेन्झो मान्यी, १९५६ ची जिरो द’इतालिया, म्हणजे इटलीतली टप्प्याटप्प्यांची मोठी शर्यत. कॉलर बोन मोडलेलं, हाताने हँडल ओढता येत नाही, म्हणून त्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा हँडलला बांधून दुसरं टोक दातांत धरलं आहे आणि तो चढ चढतो आहे. त्या शर्यतीत तो दुसरा आला. फोटो मी खूप वेळ बघत बसले आणि मग रडले. सप्टेंबरातल्या ३०० किलोमीटरच्या बीआरएमसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीसाठी, मी सहा महिने तयारी केली होती. वीस तासांत ३०० पूर्ण करायचे असतात. ती गेली होती आणि मला वाटायला लागलं की मी पुरेशी चिवट नाही.

हे मला आज ठामपणे सांगायचं आहे, कारण आपल्या सायकलच्या जगात असे फोटो फार फिरतात. मान्यीचं धैर्य खरं आहे, पण तो त्याची शेवटची जिरो पूर्ण करत होता, हाड बरं करत नव्हता. मला दुसरं उदाहरण जास्त उपयोगी पडलं. ब्रिटनचा सायकलपटू मार्क कॅव्हेंडिश ८ जुलै २०२३ ला टूर द फ्रान्समध्ये पडला, त्याचं कॉलर बोन मोडलं. आणखी एक टप्पा जिंकला असता तर जुन्या पिढीतल्या एडी मर्क्सचा ३४ टप्प्यांचा विक्रम मोडला असता, पण तो त्याच दिवशी शर्यतीतून बाहेर पडला आणि घरी गेला. ३ जुलै २०२४ ला तो पस्तिसावा टप्पा जिंकला. ते मी टीव्हीवर पाहिलं होतं, माझ्या पडण्याच्या सव्वा महिना आधी. तेव्हा डोळ्यांपुढे फक्त त्याचे उंचावलेले हात होते. आता मधलं ते एक वर्ष दिसायला लागलं.

२ सप्टेंबरला शाळेत रुजू झाले, झोळीसकट, रिक्षाने. पुण्यात किती गतिरोधक आहेत ते मोडक्या खांद्याला विचारावं. दहावीच्या वर्गात फळ्यावर उजव्या हाताने लिहिता येईना आणि डाव्याने लिहिलेलं मला स्वतःला वाचवेना. मग वर्गानेच तोड काढली. मी सांगायचं, एकेकाने फळ्यावर लिहायचं. वर्गसमीकरणाचा अख्खा धडा मुलांच्या अक्षरात झाला आणि एरवी कधी तोंड न उघडणारी तिघं-चौघं त्या निमित्ताने फळ्यापर्यंत आली. ही पद्धत मी अजून मोडलेली नाही.

सात तारखेला गणपती आले. उकडीचे मोदक या वर्षी आपल्या हातून नाहीत असं मी धरून चालले होते. पाटावर बसल्यावर लक्षात आलं की कोपर कमरेला टेकलेलं असलं तर मनगट आणि बोटं मोकळी आहेत. पारी थापायला सासूबाई आणि मुलगी, कळ्या पाडायला मी. एकवीस मोदकांना कळ्या पाडल्या. आरतीला तबक डाव्या हातात घेताना मी थबकले, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, उजवा त्यानेच सांभाळायला घेतलाय. ओवाळ डाव्याने."

२३ सप्टेंबरला सहा आठवड्यांचा एक्स-रे निघाला. मोडलेल्या जागी पांढुरका ढग दिसत होता, नवीन हाडाचा. भेगेची रेघ पुसट झाली होती, पण होती. झोळी सुटली. मला वाटलं संपलं. झोळी काढून मी हात वर उचलायला गेले आणि तो अर्ध्यावर अडकला, कुणीतरी आतून कडी घातल्यासारखा. खांद्याच्या फऱ्यावरचं मांस आटून तिथे खळगा पडला होता.

फिजिओताईंनी खांद्याला एक साधन लावलं, दोन लांब पट्ट्या आणि मध्ये अंश कोरलेलं चक्र. ते कोनमापकच होतं. हात समोरून ७५ अंश वर जात होता. माझा डावा १७५ जातो. "मॅडम, शंभर अंश कमवायचे आहेत," त्या म्हणाल्या. ही भाषा मला कळत होती. वहीत आलेख काढला. आडव्या अक्षावर दिवस, उभ्यावर अंश.

व्यायाम दिसायला अगदी किरकोळ. काठी दोन्ही हातांत धरून डाव्याने उजव्याला वर न्यायचं. पाठीची दोन्ही पाती मागे ओढून दहा मोजायचे. भिंतीसमोर उभं राहून बोटं कोळ्यासारखी वर चालवायची, पोहोचली तिथे पेन्सिलीची खूण. आमच्या दाराच्या चौकटीवर मुलीची उंची वाढत गेल्याच्या खुणा आहेत, त्यांच्याशेजारी माझ्या बोटांच्या खुणा चढायला लागल्या. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं. दुखेपर्यंत न्यायचं, दुखण्यात शिरायचं नाही, हा त्यांचा नियम. मी एकदा मोडला, एका रात्रीत वीस अंश मिळवायला गेले आणि तीन दिवस हात उचलता आला नाही. आलेखात तो खड्डा आहे.

शाळेत हेच मोजमाप फळ्यावर होत होतं. सप्टेंबरअखेर मी फळ्याच्या तळाशी वाकून लिहायचे, मागच्या बाकांवरची मुलं उभी राहून उतरवून घ्यायची. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अक्षर छातीच्या उंचीवर आलं. ५ तारखेला ११० अंश झाले, १९ ला १४०. मुलांना अंश माहीत नव्हते. "बाई, आज दोन ओळी वर लिहिलंत," असं पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

सायकल इतके दिवस बाल्कनीत होती. उजव्या बाजूवर पडल्यामुळे मागच्या डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाचा, हँगर वाकला होता, हँडल फिरलं होतं, उजव्या ब्रेकचं टोक घासून चकचकीत झालं होतं. सायकलवाल्या काकांनी हँगर बदलला आणि हँडल उतरवून टेपखाली चीर आहे का ते भिंगातून पाहिलं. "माणूस तपासला ना? मग हीही तपासायची," म्हणाले. ट्रेनरवर, म्हणजे घरात एका जागी सायकल चालवायच्या स्टँडवर, मी पाचव्या आठवड्यापासूनच बसत होते, ताठ, उजवा हात झोळीत, मुलगी शेजारी उभी. हँडलवर वजन मात्र डॉक्टरांनी आठ आठवडे टाकू दिलं नाही. १२ ऑक्टोबरला दसऱ्याला आम्ही सायकलला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. माळ घालताना दोन्ही हात पुढे गेले आणि हँडलवर थोडा वेळ तसेच टेकले. काही दुखलं नाही.

२६ तारखेच्या एक्स-रेमध्ये हाड सांधलेलं होतं. वाकडं, मध्ये सुपारीएवढी जाड गाठ, पण सलग. रस्त्यावर जायची परवानगी मिळाली, घाट आणि ग्रुप अजून नाही. ३ नोव्हेंबरला भाऊबीज होती, पडल्याला बरोबर बारा आठवडे. भाऊ हडपसरला राहतो. सकाळी सहाला मी एकटी निघाले. अट्ठावीस मिलिमीटर रुंदीचे टायर बसवून घेतले होते, हवा नेहमीपेक्षा कमी. रस्ता मोकळा होता, फटाक्यांच्या कागदांचा लाल थर पडलेला. पहिल्या खड्ड्याला हात आपोआप आखडले आणि खांद्यातून कळ गेली. दुसऱ्याला मी कोपरं सैल सोडली. नऊ किलोमीटरला पन्नास मिनिटं लागली. भावाला ओवाळताना ताट दोन्ही हातांनी धरून त्याच्या कपाळाच्या उंचीपर्यंत नेलं. तो सहा फूट आहे, पाटावर बसायला विसरला होता.

गाठ राहिली आहे. पाठपिशवीचा पट्टा नेमका तिच्यावर येतो, म्हणून पिशवी बदलली. गाडी चालवताना सीट बेल्ट तिथेच घासतो, शेजारच्या सीटवर बसलं तर नाही. पावसाळी हवेत ठणकते असं सगळे सांगायचे, माझी ठणकत नाही, थंडीत सकाळी थोडी जड होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी मी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात वार, दिनांक, पट लिहिला. वर्गात कुणी काही बोललं नाही, पण पहिल्या बाकावरून एकच टाळी आली आणि थांबली.

बोपदेवला मी १५ डिसेंबरला गेले. तो टॉवेल धुऊन, घडी करून इतके महिने कपाटात ठेवला होता. तो जर्सीच्या मागच्या खिशात घेतला. घाटमाथ्यावर चहाच्या टपरीवर विचारलं: पांढरा टेम्पो, मार्केट यार्डातून रिकामे क्रेट घेऊन येतो, दारावर ‘आई तुळजाभवानी प्रसन्न’. टपरीवाले हसले. "ताई, तसले दिवसाला दहा जातात." तरी त्यांनी मला बसवलं, चहा दिला. तासभर बसले. तीन टेम्पो गेले, त्यात ते दादा नव्हते. टॉवेल परत खिशात ठेवला आणि उतरायला लागले. वळणाच्या बरंच आधी, सरळ रस्त्यावर, दोन्ही ब्रेक हलके दाबून वेग कमी केला. वळणावर खडी नव्हती. खालून एक टेम्पो वर येत होता, मी मान वळवून त्याच्या दाराकडे पाहिलं.